रविवारचा कैवारी : नारायण मेघाजी लोखंडे

रविवार हा आपल्या हक्काचा दिवस, अशी आपणा सर्वांची समजूत असते. परंतु मुंबईच्या गिरणी कामगाराला हा हक्क कोणी सहजासहजी दिला नाही. त्यासाठी त्याला सहा वर्षे झगडावे लागले. त्या झगड्याचे पुढारीपण ज्यांनी केले, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी मला येथे थोडे लिहावयाचे आहे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा. मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. घरची परिस्थिती बेताची. रेल्वे, टपाल अशा नोकऱ्या करीत ते मुंबईच्या एका कापड गिरणीत भांडारपाल म्हणून लागले आणि तेथे कामगारांचे जिणे त्यांनी जवळून पाहिले. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, आठवड्याची ठरलेली सुटी नाही आणि पगार महिनोन्‌महिने अडकलेला! १८८१ चा कारखाना कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. प्रौढ कामगारांच्या वाट्याला त्यातून फारसे काही आले नाही.

जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांनी लोखंडे भारावलेले होते. १८८० मध्ये गिरणीतील नोकरी सोडून त्यांनी कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेले 'दीनबंधु' हे पत्र हाती घेतले. पुढे सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत आणि कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, अशा त्यातील मागण्या होत्या. मला यातील शेवटची मागणी फार मोलाची वाटते. यंत्रात हात सापडलेल्या माणसाला धन्याने दयेपोटी चार पैसे द्यावेत, असे कामगार म्हणत नव्हते. तो आमचा हक्क आहे, असे ते सांगत होते.

लोखंडे यांनी उभारलेल्या 'बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन'ला वर्गणी नव्हती, निधी नव्हता, नियमही नव्हते. म्हणून तिला खरी कामगार संघटना म्हणावयास काही अभ्यासक कचरतात. मला हा आक्षेप अपुरा वाटतो. सभा भरविणे, सह्या गोळा करणे, सरकारी आयोगापुढे गाऱ्हाणे मांडणे, हे सारे या शहरातील श्रमिकाला प्रथम शिकविले ते याच मंडळीने. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या! त्या काळी ही गोष्ट सामान्य नव्हे. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढे १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटीवर शिक्कामोर्तब झाले.

लोखंडे यांची दृष्टी गिरणीच्या फाटकापाशी थांबली नाही. विधवांचे केशवपन करावयाचे नाही, असा निर्धार मुंबईच्या नाभिक बांधवांनी १८९० मध्ये केला, त्यामागेही त्यांची प्रेरणा होती. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर सलोख्यासाठी ते झटले. १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने त्यांना ओढून नेले. त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती.

भारत सरकारने २००५ मध्ये त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. तोवर १९८२ चा संपही होऊन गेला होता आणि गिरणगावातील बहुतेक धुराडी थंडावली होती. गिरण्यांच्या जागी आता मॉल आणि उंच इमारती उभ्या आहेत. आपण रविवारी तेथे हौसेने फिरावयास जातो. पण तेथील विक्रेता, पहारेकरी, सामान पोचविणारा मुलगा, यांची त्या दिवशी अधिकच धावपळ असते. यांचा रविवार कोणता, हा प्रश्न लोखंडे यांनी नक्कीच विचारला असता. तो आता आपण विचारावयास हवा.