नाण्याच्या पाठीवरचे शिक्के मोजले आणि मौर्यांच्या आधीचा हिशोब लागला. डी. डी. कोसंबींनी ते कसं केलं?

समजा, रावेर तालुक्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याला केळीवर प्रोजेक्ट करायचाय. त्याने ग्रँड नैन, श्रीमंती आणि बसराई अशा तीन जातींच्या घडांची वजनं घेतली, आकडे कॉम्प्युटरमध्ये भरले आणि ग्राफ काढला. सॉफ्टवेअर त्याला गोल, चौकोन, त्रिकोण अशी ठरलेली चिन्हं देतं. पण पोराला वाटतं की आपल्या ग्राफवर केळीचंच चित्र पाहिजे. हल्ली तेही जमतं. स्वतःचं चिन्ह काढायचं, सॉफ्टवेअरला द्यायचं आणि प्रत्येक ठिपक्याच्या जागी केळीचा घड लटकवायचा.

आता घोळ सुरू होतो. घडाचं चित्र मोठं, त्यामुळे खरं वजन चित्राच्या देठापाशी वाचायचं, मध्यावर की टोकाला? दोन घड एकमेकांवर आले तर खालचा दिसणार कसा? आणि कुठलं चिन्ह कुठल्या जातीचं, हे कोपऱ्यात लिहिलं नाही तर बघणाऱ्याला काय कळणार?

थोडक्यात काय, तर चिन्ह काढणं सोपं असतं. ते नेमकं काय सांगतंय हे पक्कं करणं अवघड असतं.

कॉम्प्युटर नव्हते तेव्हा, १९४० च्या आसपास, पुण्यातला एक गणिताचा प्राध्यापक याच प्रश्नाला उलट्या बाजूने भिडला होता. त्याच्याकडे चिन्हं आधीपासून होती. दोन हजार वर्षांहून जुनी. ती कुणी काढली, का काढली, कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्याने ती चिन्हं मोजली, ग्राफवर मांडली, आणि ग्राफनेच त्यांचा अर्थ सांगितला.

त्यांचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. घरी त्यांना बाबा म्हणायचे.

गोव्याचं पोर, हार्वर्डची पदवी

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातल्या कोसबेचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. वडील धर्मानंद कोसंबी म्हणजे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे मोठे अभ्यासक. ग्रंथांच्या कामासाठी ते अमेरिकेत हार्वर्डला जायचे. १९१८ मध्ये ते गेले तेव्हा अकरा वर्षांच्या बाबालाही सोबत घेऊन गेले.

त्यामुळे पोराची शाळा झाली अमेरिकेत. मधे काही काळ भारतात येऊन तो पुन्हा तिकडे गेला आणि १९२९ साली हार्वर्डमधून अव्वल दर्जाची पदवी घेऊन बाहेर पडला. गणित तर होतंच, पण भाषा आणि इतिहासही सोबत होते. एकाच विषयाला चिकटून राहणं या माणसाला कधी जमलंच नाही.

भारतात परतल्यावर आधी बनारस हिंदू विद्यापीठ, मग अलीगढ. अलीगढला त्यांना बोलावलं होतं आंद्रे वेइल या तरुण फ्रेंच गणितीने. दोघांनी मिळून एक भन्नाट खोडी केली. १९३१ साली कोसंबींनी एक शोधनिबंध छापला आणि त्यात बूर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाचा हवाला दिला. पुढे वेइल आणि त्याच्या फ्रेंच मित्रांनी त्याच नावाखाली गणिताची जाडजूड पुस्तकं लिहिली. आज जगभरचे गणितज्ञ बूर्बाकीला ओळखतात, पण छापील कागदावर ते नाव आधी एका गोव्याच्या माणसाने आणलं हे फारसं कुणाला माहीत नसतं.

तिथून कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले. संख्याशास्त्र शिकायचं तर हातात खरे आकडे हवेत, नुसती सूत्रं घोकून उपयोग नाही, असं त्यांचं मत होतं. आकडे शोधता शोधता ते पोहोचले आहत नाण्यांपर्यंत.

आहत नाणी म्हणजे काय?

आहत म्हणजे ठोकलेलं. भारतातली ही सगळ्यात जुनी नाणी. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, कोपरे छाटून वजन बरोबर करायचं आणि त्यावर छोटे छोटे छाप ठोकायचे. वजन साधारण साडेतीन ग्रॅम. यांनाच कार्षापण म्हणतात. त्यावर राजाचं नाव नाही, साल नाही, एक अक्षरसुद्धा नाही. आहेत ती फक्त चिन्हं. सूर्य, सहा हातांचं चक्र, टेकडीसारख्या कमानी, कमानीवर चंद्रकोर, झाडं, प्राणी. अशी शेकडो.

दर्शनी बाजूला बहुतेक पाच छाप असतात. ते टांकसाळीत ठोकलेले. मागच्या बाजूला मात्र गंमत आहे. काही नाणी मागून कोरी, काहींवर एक बारीक शिक्का, काहींवर चार, काहींवर त्याहून जास्त. तेही वेगवेगळ्या आकाराचे आणि वेगवेगळ्या वेळी मारलेले.

नाणेतज्ज्ञ या चिन्हांचा धार्मिक अर्थ लावायचे, राजघराण्यांशी जोडायचे, वाद घालायचे. कोसंबींनी तराजू काढला.

वजन का घटतं?

नाणं हातातून हातात फिरतं, पिशवीत घासतं, दगडावर आपटतं. दर वेळी चांदीचा कण झिजतो. म्हणजे जितकी वर्षं फिरलं, तितकं हलकं झालं. पण सगळी नाणी सारखी झिजत नाहीत. एक रोज बाजारात फिरतं, दुसरं गाडग्यात पडून राहतं. म्हणून काळ जातो तशी सरासरी घटते आणि नाण्या-नाण्यातला फरकही वाढत जातो.

हे तर्काने बरोबर वाटतं, पण खरंच असं होतं का? ते बघायला कोसंबींनी आधी चालू नाणी घेतली. त्यांच्यावर साल छापलेलं असतं, त्यामुळे कुठलं किती वर्षं फिरलंय हे आधीच माहीत. अशी हजारो नाणी त्यांनी एकेक करून तोलली. हे काम किती कंटाळवाणं असेल याची कल्पनाच करा. पण ताडून बघायला उत्तर माहीत असलेलं उदाहरण आधी हवं, हे ते जाणून होते. नियम चालू नाण्यांना लागू पडला, तेव्हा जुन्याकडे जायला रस्ता मोकळा झाला.

जुनी नाणी म्हणजे तक्षशिलेच्या भीर टेकाडातला साठा. १९२४ साली तो सापडला, त्यात हजाराहून अधिक आहत नाणी होती. सोबत अलेक्झांडरची दोन आणि त्याच्यानंतर आलेल्या फिलिप अरिडियसचं एक नाणं, अगदी कोरी करकरीत. फिलिपचं राज्य इसवी सनापूर्वी ३२३ ते ३१७. म्हणजे हा साठा जमिनीत गेला तो साधारण त्याच सुमारास, चंद्रगुप्त मौर्याची सत्ता नुकतीच उभी राहत होती तेव्हा. वॉल्श नावाच्या अभ्यासकाने १९३९ मध्ये या नाण्यांची वजनं आणि चिन्हं छापली होती. आकडे सगळ्यांसमोर होते, पण त्यांच्याकडे आकडे म्हणून कुणी बघितलं नव्हतं.

आणि मग ग्राफ

कोसंबींनी नाण्यांचे गट पाडले. मागे एकही शिक्का नाही त्यांचा एक गट, एक शिक्का असलेल्यांचा दुसरा, दोनवाल्यांचा तिसरा, असे. प्रत्येक गटाचं सरासरी वजन काढलं. आडव्या अक्षावर शिक्क्यांची संख्या घेतली, उभ्या अक्षावर वजन.

ठिपके एका सरळ रेषेत खाली उतरत गेले.

याचा अर्थ काय? शिक्के वाढतात तसं वजन ठरावीक मापाने घटतं. वजन घटतं ते काळामुळे. म्हणजे मागचे शिक्के ठरावीक काळाने मारले गेले असणार. ती ना देवाची चिन्हं, ना राजाची हौस. दर काही वर्षांनी कुणीतरी नाणं तपासून, ठीक आहे अशी खूण करत होतं. कोसंबींच्या मते हे काम सराफांचं. एका अर्थाने ते तपासणीचे शिक्केच होते. एकही अक्षर न लिहिणाऱ्या त्या बाजाराने आपला कारभार नाण्याच्या पाठीवर नोंदवून ठेवला होता.

आता ज्या चिन्हांची नाणी जास्त झिजलेली ती जुनी, कमी झिजलेली ती अलीकडची. असा क्रम लागायला लागला. तक्षशिलेच्याच दुसऱ्या, नंतरच्या साठ्यात चांदीत तांब्याची भेसळ जास्त दिसली. त्यावरून कोसंबींनी मौर्यांच्या तिजोरीवर ताण आला होता असा निष्कर्ष काढला. राजांच्या वंशावळी सोडून पैशावरून इतिहास वाचायची ही रीत तेव्हा नवीच होती.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. शिक्के खरंच ठरावीक अंतराने मारले जात होते का, कुठलं चिन्ह कुठल्या राजाचं हे वजनावरून ठरवता येतं का, यावर नाणेतज्ज्ञांनी शंका घेतल्या. नाणं साफ करताना ॲसिडनेही वजन जातं, हा तर साधा धोका. राजांची नावं चिकटवण्यात कोसंबी जरा पुढे गेले, असंच आज वाटतं. पण तोलून, मोजून, मांडून बघायचं हा त्यांचा आग्रह मात्र टिकला.

सॉफ्टवेअरमध्ये आजही कोसंबी

१९४४ साली त्यांनी जनुकशास्त्रात हात घातला. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत हे थेट मोजता येत नाही. पुढच्या पिढीत ती किती वेळा वेगळी झाली यावरून अंतराचा अंदाज करावा लागतो. त्यासाठी कोसंबींनी एक सूत्र दिलं. आज पिकांचे जनुकीय नकाशे काढणारं सॉफ्टवेअर उघडलं की पर्याय विचारला जातो, हॉल्डेन की कोसंबी? रोज कोसंबी निवडणाऱ्या अनेकांना हा माणूस इतिहासकारही होता हे ठाऊक नसतं. आणि इतिहासवाल्यांना तो गणिती होता हे ऐकीवच माहीत असतं.

१९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली, होमी भाभांनी कोसंबींना तिथे बोलावलं. राहायला पुणे, नोकरी मुंबई. त्यामुळे डेक्कन क्वीनने रोजचं येणं-जाणं. सुट्टीच्या दिवशी काठी घेऊन पुण्याच्या आसपासच्या टेकड्या तुडवायच्या, दगडी हत्यारांचे तुकडे वेचायचे, खेड्यातल्या देवांची ठाणी बघायची. १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं, ते या पायपिटीतूनच. त्याच सुमारास संस्कृत सुभाषितांच्या संपादनाचं कामही चालू होतं.

मग तो धक्का बसला. गणितातला सगळ्यात अवघड समजला जाणारा रीमानचा प्रश्न संभाव्यतेच्या वाटेने सुटेल असं कोसंबींना वाटलं. १९५९ मध्ये त्यांनी आपलं उत्तर छापलं, तेही कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. उत्तर चुकलं होतं. गणितज्ञांमध्ये त्यांची पत घसरली. भाभांशी संबंधही ताणलेले होते, कारण अणुऊर्जेपेक्षा भारताने सौरऊर्जेकडे बघावं असं कोसंबी उघड बोलायचे. १९६२ साली त्यांची संस्थेतली नोकरी संपली.

नोकरी गेली तरी कामं थांबली नाहीत. १९६२ मध्येच पुराणकथांवरचं पुस्तक निघालं, १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं. २९ जून १९६६ ला पुण्यात झोपेतच त्यांचं निधन झालं. अठ्ठावन्न वर्षांचे होते, एकोणसाठावा वाढदिवस महिन्यावर आला होता.

त्यांची मुलगी मीरा कोसंबी पुढे नामवंत समाजशास्त्रज्ञ झाल्या. २००८ साली टपाल खात्याने कोसंबींच्या नावाने तिकीट काढलं. आणि आहत नाण्यांवरची शेकडो चिन्हं आज क्रमांक देऊन याद्यांमध्ये लावून ठेवली आहेत. म्युझियममध्ये नवीन नाणं आलं की अभ्यासक यादी उघडतात, चिन्ह जुळवतात आणि नाणं तराजूत टाकतात.