पायगाडीपासून नांगरापर्यंत : कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर



सुटीच्या दिवशी झुंजुमुंजू झाले की सावेडीच्या रस्त्यावर सायकलींच्या घंटा वाजू लागतात. चार-पाच स्नेही एकमेकांच्या दारी थांबतात, चाकांत हवा भरली जाते, भाकरीचे डबे बांधले जातात, व ही लहानशी फौज मोहिमेस निघते. श्रावणात तिचा मोर्चा डोंगरगणाकडे वळतो. वांबोरी घाटाच्या तोंडाशी उभे राहून खालचा हिरवा मुलूख पाहिल्याशिवाय कोणी माघारी फिरत नाही. पौषाच्या थंडीत चांदबिबीच्या महालाचा चढ चढावयाचा असतो. महाल म्हणून आपण ज्या वास्तूस ओळखतो, ती वस्तुतः निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची कबर होय. चैत्र-वैशाखात मात्र ऊन तापण्यापूर्वी पिंपळगाव माळवीच्या तलावापर्यंत जाऊन परतावे लागते. जो चढावर मागे पडेल त्याच्यासाठी पुढच्यांनी थांबावयाचे, हा या मंडळीचा अलिखित नियम आहे.

कित्येक पालकांना हा सर्व प्रकार कालापव्यय वाटतो. परीक्षेचे दिवस जवळ येत असता मुलगा तीन तास रस्त्यावर घालवितो, गुडघे फोडून घेतो, व घरी आल्यावर पुस्तकाऐवजी साखळीच्या तेलाने हात माखून बसतो, ही त्यांची तक्रार मजपर्यंत वारंवार येते. तिचा विचार करीत असता ज्या गृहस्थांनी या मराठी मुलखात पायगाडीचा व्यापार प्रथम उभा केला, त्यांच्यापैकी एकाचे चरित्र मला आठवले. तेच आज मुलांपुढे व त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवीत आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांचे वडील काशिनाथपंत हे वेदांताचे व्यासंगी. अशा घरी जन्मलेल्या मुलाने विद्याभ्यासात नाव काढावे, ही अपेक्षा साहजिकच होती. परंतु लक्ष्मणाचे मन शाळेच्या पाठांत रमेना. त्याला दोनच गोष्टींचे वेड होते : एक चित्रे काढण्याचे व दुसरे यंत्रे न्याहाळण्याचे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर तो मागच्या बाकावरचा विद्यार्थी होता. मुंबईस जाऊन चित्रकला शिकावी असे त्याने मनात घेतले, तेव्हा वडिलांना ते रुचले नाही. या प्रसंगी त्याच्या पाठीशी उभे राहिले ते त्याचे थोरले बंधू रामूअण्णा. त्यांनी पैशाचा भार उचलला, व १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या सर जमशेदजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाले.

दैव मात्र अनुकूल नव्हते. सुमारे दोन वर्षांच्या अभ्यासानंतर असे आढळून आले की, त्यांच्या दृष्टीस काही रंगांतील भेद उमगत नाही. ज्याला चित्रकार व्हावयाचे आहे त्याला रंग ओळखता येऊ नयेत, याहून मोठा आघात कोणता? वडिलांचा विरोध पत्करून आलेला हा तरुण हात हलवीत घरी परतला असता तर त्यात नवल नव्हते. पण रंग गेले तरी रेषा शाबूत होती. लक्ष्मणरावांनी रंगकाम सोडले व यंत्रांच्या रेखाकृती काढण्याची विद्या हस्तगत केली. पुढे मुंबईत १८८७ साली निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये हाच विषय शिकविण्याची नोकरी त्यांस मिळाली. पगार दरमहा ४५ रुपये. शिकविण्याचे काम आटोपले की उरलेला वेळ ते तेथील कारखान्यात घालवीत, व यंत्रे कशी चालतात, कशी बिघडतात आणि कशी दुरुस्त होतात हे प्रत्यक्ष हाताने शिकत.

याच मुंबईच्या वास्तव्यात त्यांनी पायगाडीवर बसून जाणारा मनुष्य प्रथम पाहिला. आज ज्या सायकलीकडे तुम्ही वळूनही पाहत नाही, ती त्या काळी केवढे नवल होती याची कल्पना करा. त्यापूर्वीच्या पायगाड्यांचे पुढील चाक पुरुषभर उंचीचे असे, व तीवरून पडलेला मनुष्य डोक्यावर आपटत असे. १८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरी जॉन केंप स्टार्ली याने जवळजवळ सारख्या आकाराची दोन चाके व मागील चाकास साखळी अशी रोव्हर नावाची पायगाडी बाजारात आणली. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या रबरी धावेचे एकस्व मिळविले. त्याच १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात पायगाड्यांचे दुकान काढले. मुंबईहून लक्ष्मणरावांनी गाड्या धाडाव्या व बेळगावी रामूअण्णांनी त्या विकाव्या, अशी ही योजना होती. पुढे जगभर पसरलेल्या एका उद्योगसमूहाचा उगम या दुकानात आहे. बेळगावातील एक रस्ता आजही किर्लोस्करांच्या नावाने ओळखला जातो.

परंतु पायगाडी विकून भागत नसे. गिऱ्हाइकास तीवर बसता येत नसेल तर ती घेऊन तो करणार काय? म्हणून रामूअण्णा गाडी विकीत व ती चालविण्यासही शिकवीत. या शिकवणीचे शुल्क १५ रुपये असे. लक्ष्मणरावांच्या महिन्याच्या पगाराचा हा तिसरा हिस्सा, हे ध्यानात घेतले म्हणजे पायगाडी ही त्या काळी श्रीमंतांची हौस होती हे स्पष्ट होईल.

सायकल शिकविण्याची रीत मात्र तेव्हापासून आजतागायत बदललेली नाही. शिकणारा बैठकीवर बसतो. शिकविणारा मागून बैठक धरून धावतो. शिकणाऱ्याची नजर मागे वळली की तोल गेलाच म्हणून समजावे. काही वेळाने शिकविणारा हात हळूच काढून घेतो, व शिकणारा आपण अजून धरलेलेच आहोत अशा समजुतीने पुढे निघून जातो. हात धरलाच नाही तर तो पडतो. हात सोडलाच नाही तर तो कधी शिकत नाही. रामूअण्णांनी बेळगावच्या मैदानी रस्त्यांवर परक्यांसाठी जे केले, तेच त्यांनी आपल्या धाकट्या भावासाठी आयुष्यात केले होते, असे मला वाटते.

मुंबईत लक्ष्मणरावांची नोकरी बरी चालली होती. परंतु बढतीचा प्रसंग आला तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. हा अन्याय त्यांना सहन झाला नाही. त्यांनी राजीनामा दिला व ते बेळगावास भावाजवळ आले. दुकानाला कारखान्याचे रूप येऊ लागले. प्रथम गुरांचा चारा कापण्याची यंत्रे झाली, व १९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला.

वाचकहो, नांगर तयार होणे व नांगर विकला जाणे यांत किती अंतर असते पाहा. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होईल अशी भीती शेतकऱ्यांच्या मनात घर करून होती. पिढ्यान् पिढ्या लाकडी नांगर धरलेल्या हातांना हा नवा नांगर धरवेना. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली! या दोन वर्षांत लक्ष्मणरावांच्या मनाची स्थिती काय झाली असेल? तयार माल पडून आहे, भांडवल अडकले आहे, आणि ज्याच्या हितासाठी खटाटोप केला तोच पाठ फिरवीत आहे. तरीही त्यांनी शेतकऱ्यास दोष दिला नाही. नांगरच अधिक चांगला करीत राहिले.

जम बसतो न बसतो तोच दुसरे संकट उभे राहिले. बेळगावच्या नगरपालिकेने नवे उपनगर वसविण्यासाठी कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. यंत्रे, माणसे व त्यांचे संसार घेऊन जावे कोठे? या अडचणीत औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे त्यांच्या साहाय्यास धावले. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड या आडवळणाच्या रेल्वे स्टेशनाजवळ ३२ एकर माळरान व १०,००० रुपये कर्जाऊ दिले. त्या माळावर निवडुंगाचे रान माजले होते व सापांचा सुळसुळाट होता. १० मार्च १९१० रोजी तेथे वसाहतीचा प्रारंभ झाला. तीच आजची सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. स्टेशनाचे नावही पुढे तेच झाले.

ही वाडी लक्ष्मणरावांनी एकट्याने उभारली असे समजू नये. चढावर एकमेकांसाठी थांबणाऱ्या तुमच्या मंडळीसारखी त्यांचीही एक मंडळी होती. गावाची व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली, शंभुराव जांभेकरांनी यंत्रांची बाजू सांभाळली, मंगेशराव रेग्यांनी हिशेब व कचेरी पाहिली, के. के. कुलकर्ण्यांनी गावोगाव फिरून माल खपविला. यांपैकी कोणी फारसा शिकलेला होता, कोणी नव्हता. परंतु ज्याला जे साधते ते काम त्याच्या हाती देण्याची दृष्टी लक्ष्मणरावांना होती. रंग न ओळखणाऱ्या चित्रकाराला, मनुष्यास त्याच्या उणिवेवरून मापू नये, हे कोणी वेगळे सांगावयास नको होते.

या दृष्टीची खरी कसोटी वाडीच्या रखवालदारीत लागली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी पहारेकरी म्हणून नेमले. ज्यांना गावात कोणी उभे करीत नव्हते, त्यांच्या हाती त्यांनी आपल्या घराची व कारखान्याची राखण सोपविली. तसेच वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा त्यांचा दंडक होता. ज्या काळी एका विहिरीचे पाणी सर्वांना मिळत नव्हते, त्या काळी हे बोलणे सोपे नव्हते व आचरणे त्याहून अवघड होते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी लोखंड व कोळसा मिळेनासा झाला. कारखाना बंद पडतो की काय अशी वेळ आली. दगडी कोळशाऐवजी लोणारी कोळशावर भट्टी पेटविण्याचे प्रयत्न झाले, व कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी निकामी झालेल्या जुन्या तोफा लोखंडासाठी दिल्या. त्या तोफा वितळल्या व त्यांचे नांगर झाले. तलवारींचे फाळ व्हावेत असे स्वप्न यशया भविष्यवाद्याने पाहिले होते, हे आपल्या शाळेतील मुलांस ठाऊकच आहे.

पुढील हकीगत थोडक्यात सांगतो. नांगरामागून पाण्याचे पंप आले, चरक आले, लोखंडी सामान आले. लक्ष्मणरावांनी आपले चिरंजीव शंतनुराव यांस अमेरिकेस मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रशाळेत धाडले; तेथील पदवी घेऊन ते १९२६ साली परतले. १९४६ साली पुण्याजवळ खडकीस तेल-इंजिनांचा व बंगळुरास विजेच्या यंत्रांचा असे नवे कारखाने निघाले. वडिलांनी नांगराने आरंभ केला म्हणून मुलांनीही नांगरच करीत बसावे, असा हट्ट लक्ष्मणरावांनी धरला नाही. बैठकीवरचा हात केव्हा काढावा हे त्यांना समजत होते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या जन्मशताब्दीस, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

पायगाडीनेही दरम्यान आपला मार्ग आक्रमिला होता. १९२३ सालच्या ऑक्टोबरात मुंबईचे काही पारशी तरुण सायकलींवर जगाच्या फेरीस निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ४४,००० मैल तुडवून १९२८ सालच्या मार्चात परत आले. एके काळची श्रीमंतांची हौस दूधवाल्याच्या, शिक्षकाच्या व टपालवाल्याच्या दारी आली, व आज ती तुमच्या अंगणात उभी आहे.

आता दोन शब्द पालकांस. सायकल फिरविणारा प्रत्येक मुलगा वा मुलगी कारखानदार होईल असे माझे म्हणणे मुळीच नाही. काशिनाथपंतांची काळजीही खोटी नव्हती. मुलाच्या भवितव्याची चिंता कोणत्या पित्यास नसते? परंतु त्या घरात मागून धरणारा एक रामूअण्णा होता, म्हणून मागच्या बाकावरचा मुलगा वाया गेला नाही. आपल्या घरात ते काम कोणाचे, याचा विचार आपण करावा. मुलगा सुटी साखळी घेऊन अंगणात बसला असेल तर घटकाभर त्याच्या शेजारी बसून पाहावे. मग अभ्यासाची आठवण अवश्य द्यावी.

आणि मुलांनो, येत्या सुटीत डोंगरगणच्या वाटेवर कोणाची साखळी निसटली, तर तुम्ही सर्व थांबालच. त्या वेळी दुरुस्ती येणाऱ्याने ती एकट्याने करून मोकळे होऊ नये. ज्याला येत नाही त्याच्या हाती पाना द्यावा व आपण फक्त सायकल धरून ठेवावी. थोडा उशीर होईल, हात काळे होतील. घरी आल्यावर साबणाने हात स्वच्छ धुवून पुस्तक उघडावे, म्हणजे तुमच्या वडिलांची तक्रार मजपर्यंत येणार नाही.