डिझेल इंजिन 'मिस' का मारतं? ज्याच्या नावाचं इंजिन, त्यालाही हाच प्रश्न पडला होता!

वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याच्या रस्त्यावर उसाच्या हंगामात उभं राहिलात तर हे नक्की ऐकायला मिळेल. वीसेक वर्षांचा जुना ट्रॅक्टर, मागे भरलेली ट्रॉली, चढ आला की इंजिन अडखळतं. एक ठोका चुकतो, गाडी धक्का देते, नळीतून पांढरा धूर निघतो. गावात याला सरळ 'मिसिंग' म्हणतात. ट्रॉली वाटेत अडकली की ऊस वाळतो, वजन घटतं आणि पैसे कमी मिळतात.

आता गंमत बघा. 'डिझेल' हे आपण तेलाचं नाव समजतो. खरं तर ते एका माणसाचं आडनाव आहे. आणि इंजिन मिस का मारतं हे शोधण्यातच त्या माणसाची उमेदीची वर्षं गेली.

रुडॉल्फ डिझेल याचा जन्म 18 मार्च 1858 चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन. 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं, जर्मन लोकांना पॅरिस सोडावं लागलं. कुटुंब लंडनला गेलं आणि बारा वर्षांच्या रुडॉल्फला नातेवाइकांकडे ऑग्सबर्गला धाडलं. पोरगा हुशार होता. पुढे म्युनिकच्या तंत्रविद्यालयात शिकला. तिथे त्याचे प्राध्यापक होते कार्ल फॉन लिंडे, म्हणजे फ्रिजच्या तंत्रातलं मोठं नाव. शिक्षणानंतर रुडॉल्फने त्यांच्याच बर्फाच्या यंत्रांचं काम केलं.

त्याच्या डोक्यात मात्र वेगळंच चालू होतं. त्या काळची वाफेची इंजिनं कोळशातली बहुतेक उष्णता फुकट घालवायची. त्याने विचार केला, हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल, आणि मग त्यात इंधन सोडलं की ठिणगीशिवाय पेट घेईल. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं ना? तेच तत्त्व, फक्त कितीतरी पट जास्त दाबाचं. म्हणून डिझेल इंजिनाला पेट्रोल गाडीसारखा स्पार्क प्लग नसतो. पेटंट 1893 मध्ये मिळालं.

कागदावर सगळं छान होतं. पण 10 ऑगस्ट 1893 ला ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली तेव्हा इंधनाचा भडका उडाला आणि दाब मोजायचं यंत्रच फुटलं. इंजिन काही चाललं नाही. पण दाबलेल्या हवेत इंधन आपोआप पेटतं हे तरी सिद्ध झालं! 17 फेब्रुवारी 1894 ला ते पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर फिरलं, जेमतेम मिनिटभर, मिनिटाला 88 फेऱ्यांनी. त्यानंतरची तीन वर्षं नुसती दुरुस्तीत गेली. कधी पिस्टनच्या कडेने दाब निसटायचा, तर कधी इंधन बारीक फवारलं जायचं नाही आणि अर्धवट जळून काजळी धरायची. इमानुएल लाउस्टर या अभियंत्याने कारखान्यात खपून ते इंजिन कामाचं केलं. त्याचं नाव आज कुणी घेत नाही, हे मला तरी खटकतं.

आजचा मेकॅनिकही तेच शोधतो

जुन्या ट्रॅक्टरचं मिसिंग काढताना प्रश्न अजूनही तेच दोन: दाब पुरतो का, आणि इंधन नीट पोचतं का? आधी स्वस्तातलं बघा. डिझेल फिल्टर तुंबलाय का, टाकीत पाणी उतरलंय का, नळीच्या जोडातून हवा शिरतेय का. टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली असेल तर लाईनमध्ये हवा अडकते आणि इंजिन उचल घेत नाही. मग 'एअर काढावी' लागते. एवढं करूनही मिसिंग राहिलं, तर मेकॅनिक इंजिन हळू चालू ठेवून एकेका नोजलच्या पाइपाचा नट किंचित सैल करतो. आवाज पडला, तर तो सिलेंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर गुन्हेगार तोच. (हे स्वतः करू नका. त्या पाइपातली डिझेलची धार कातडीत घुसू शकते.) सुरू करताना पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय, लोडवर काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, बहुधा रिंगा गेल्या. मेकॅनिक लांब असेल तर आवाज आणि धुराचा व्हिडिओ काढून पाठवा, निम्मं निदान त्यावर होतं.

परत रुडॉल्फकडे येऊ. फेब्रुवारी 1897 मध्ये प्राध्यापक श्रोएटर यांनी इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. इंधनातली 26.2 टक्के ऊर्जा कामाला आली. वाफेची चांगली इंजिनं तेव्हा याच्या निम्म्यावरही पोचत नव्हती. हक्क विकून रुडॉल्फ श्रीमंत झाला, म्युनिकमध्ये मोठा बंगला बांधला. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात तर त्याच्या पद्धतीचं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. पण गिऱ्हाइकांकडे गेलेली सुरुवातीची इंजिनं पुन्हा पुन्हा बंद पडू लागली. कारखान्यात सांभाळून चालणारं यंत्र आणि रोज राबणारं यंत्र यात फरक असतो, आणि त्याची किंमत त्याच्या नावाला मोजावी लागली. त्यात पेटंटचे वाद, आजारपण आणि जमिनीच्या व्यवहारात बुडालेला पैसा.

29 सप्टेंबर 1913 च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' बोटीवर चढला. रात्री जेवला, सकाळी लवकर उठवायला सांगितलं आणि खोलीकडे गेला. सकाळी खोली रिकामी होती, अंथरुणाची घडीही मोडलेली नव्हती. वय फक्त 55. खून झाला, हेरांनी गायब केलं, अशा अफवा आजही फिरतात. पण निघण्याआधी त्याने बायकोला एक बॅग देऊन ती आठवड्याने उघडायला सांगितली होती. तिच्यात रोख 20,000 मार्क निघाले, आणि सोबत बँकखाती जवळपास रिकामी असल्याचे कागद. ते पाहिल्यावर मला तरी अफवांची गरज वाटत नाही.

त्याच्या हयातीतली इंजिनं अवजड होती, इंधन फवारायला वेगळा हवेचा कॉम्प्रेसर लागायचा. 1927 पासून बॉशचा छोटा इंजेक्शन पंप मोठ्या संख्येने तयार होऊ लागला आणि हे इंजिन गाड्यांमध्ये सहज बसू लागलं. आपल्याकडे 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि विहिरीविहिरीवर तो आवाज घुमू लागला.

रुडॉल्फचा देह सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू तेवढ्या काढून घेतल्या आणि देह परत पाण्यात सोडला. वस्तू ओळखल्या त्याच्या मुलाने.