इंटरफेरॉनचे जनक अ‍ॅलिक आयझॅक्स

साधी सर्दी बहुतेकांना आठवडाभरात सोडून जाते. दम्याच्या किंवा जुनाट श्वसनविकाराच्या रुग्णाला मात्र तीच सर्दी रुग्णालयात नेऊन पोहोचवते. विषाणू एकच असताना हा फरक का पडतो, या प्रश्नाचा माग काढणाऱ्या संशोधकांना आजही अ‍ॅलिक आयझॅक्स यांच्या कामापाशी यावे लागते.

आयझॅक्स यांचा जन्म १७ जुलै १९२१ रोजी ग्लासगो येथील ज्यू कुटुंबात झाला. १९४४ मध्ये तेथेच वैद्यकीय पदवी घेतल्यावर त्यांचे मन रुग्णालयापेक्षा प्रयोगशाळेत अधिक रमले. शेफील्ड येथे इन्फ्लुएंझाच्या अभ्यासाला सुरुवात करून पुढे ते मेलबर्नला मॅकफार्लेन बर्नेट या नामवंत विषाणुतज्ज्ञाच्या हाताखाली काम करण्यास गेले. तेथून परतल्यावर लंडनच्या मिल हिल भागातील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्था हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

एका विषाणूची बाधा झालेल्या पेशीत दुसरा विषाणू सहसा वाढत नाही, हे तेव्हा ठाऊक होते. त्याचे कारण मात्र उमगलेले नव्हते. १९५६ मध्ये झ्युरिकहून आलेले तरुण संशोधक जाँ लिंडेनमान यांच्यासह आयझॅक्स यांनी हे कोडे हाती घेतले. कोंबडीच्या अंड्यातील पडद्याचे तुकडे त्यांनी उष्णतेने निष्प्रभ केलेल्या इन्फ्लुएंझा विषाणूंसोबत ठेवले. नंतर भोवतालचा द्रव काढून तो ताज्या तुकड्यांवर घातला, तेव्हा त्या तुकड्यांत जिवंत विषाणूचीही वाढ खुंटली. पेशींनी स्वतःच कोणता तरी संरक्षक पदार्थ बाहेर सोडला होता. त्याला त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिले आणि १९५७ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केले.

वृत्तपत्रांनी या शोधाचे मोठे स्वागत केले. विषाणूंवरचे रामबाण औषध सापडल्याची भाषा सुरू झाली. प्रत्यक्षात हा पदार्थ इतक्या अत्यल्प प्रमाणात मिळे, की तो शुद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. अनेक सहव्यवसायींनी त्याच्या अस्तित्वावरच शंका घेतली, काहींनी नावाची टिंगलही केली. आयझॅक्स मनाने हळवे होते. नैराश्याच्या विकाराने त्यांना आधीच ग्रासले होते. १९६४ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने ते गंभीर आजारी पडले. १९६६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, पण २६ जानेवारी १९६७ रोजी अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या शोधाची सत्यता पटायला पुढची दोन दशके लागली. १९८० मध्ये इंटरफेरॉनची जनुके वेगळी करण्यात यश आले आणि १९८६ मध्ये एका दुर्मीळ रक्तकर्करोगावरील औषध म्हणून अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशी विषाणू शिरताच इंटरफेरॉन सोडतात, त्या इशाऱ्याने शेजारच्या पेशी विषाणूचे जनुकीय द्रव्य तोडणारी प्रथिने तयार करतात, हेही उलगडले.

दम्याच्या रुग्णांत हीच यंत्रणा दुबळी पडते काय? २००५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी अशा रुग्णांच्या श्वासनलिकेतील पेशींना सर्दीच्या विषाणूची बाधा करून पाहिली. त्या पेशींनी निरोगी पेशींपेक्षा कमी इंटरफेरॉन तयार केले. ते बाहेरून पुरवताच विषाणूची वाढ मंदावली. पुढील सर्वच अभ्यासांत हा निष्कर्ष तसाच आढळला नाही, त्यामुळे सर्व रुग्णांना तो सरसकट लावता येत नाही. तरी दिशा स्पष्ट झाली. २०२० मध्ये कोविडच्या साथीत अत्यवस्थ झालेल्या काही रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली, तेव्हा आयझॅक्स यांच्या शोधाचे महत्त्व जगाला नव्याने कळले.

ज्या पदार्थाच्या अस्तित्वासाठी आयझॅक्स यांना अखेरपर्यंत झगडावे लागले, त्याच्याच बळावर आज आपल्या श्वासनलिका रोजच्या रोज विषाणूंना थोपवत आहेत. हे पाहायला मात्र ते हयात नव्हते.