भिंतीपलीकडची बाग : जॉन लेननचे बालपण

जॉन लेननचा जन्म ९ ऑक्टोबर १९४० रोजी लिव्हरपूल येथे झाला. महायुद्धाचे ते दिवस. शहरावर जर्मन विमानांचे हल्ले होत होते. वडील अल्फ्रेड व्यापारी जहाजावर नोकरीला असल्याने बहुधा घराबाहेरच असत. पेनी लेनजवळच्या न्यूकॅसल रोडवर, आईच्या माहेरच्या घरी त्याची पहिली वर्षे गेली. पुढे आई ज्युलियाने दुसऱ्या पुरुषाबरोबर संसार थाटला, आणि १९४६च्या सुमारास हा मुलगा तिच्या थोरल्या बहिणीच्या, निपुत्रिक मिमीच्या स्वाधीन झाला.

मावशीचे घर वूल्टन या उपनगरात, मेन्लव्ह ॲव्हेन्यूवर होते. घराला क्रमांकाखेरीज ‘मेंडिप्स’ असे नावही होते. पुढे बाग, आत पुस्तके आणि शिस्त; खर्चाला हातभार म्हणून विद्यार्थी भाडेकरू. काका जॉर्ज स्मिथ यांनी त्याला वाचनाची गोडी लावली. १९५५ साली ते अकस्मात वारले. पुढे लेननने स्वतःला कामगार वर्गाचा म्हणून गायिले, परंतु त्याचे बालपण गोदीकडच्या गल्लीबोळांत गेले नव्हते. त्याचे दारिद्र्य निराळेच होते. ज्युलिया चालत जाता येईल इतक्या अंतरावर, नगरपालिकेने बांधलेल्या वसाहतीत, आपल्या दोन धाकट्या मुलींसह राहत होती. किशोरवयात तो तिच्याकडे वारंवार जाऊ लागला. मावशीकडे नियम होते, आईकडे हसणे आणि बँजो. वाद्यावर बोटे कशी ठेवावीत हे तिनेच त्याला शिकविले.

मावशीच्या घराजवळच ‘स्ट्रॉबेरी फील्ड’ नावाचे, साल्व्हेशन आर्मीचे निराधार मुलांसाठी निवासगृह होते. उन्हाळ्यात तेथे जत्रा भरे, बँड वाजे, आणि मिमी त्याला तेथे नेई. एरवी तो भिंत चढून त्या झाडीत उतरे. आईवडील हयात असूनही परक्या घरी वाढणाऱ्या मुलाला अनाथांच्या बागेची ओढ वाटावी, यात नवल नाही.

६ जुलै १९५७ रोजी वूल्टनच्या चर्चच्या जत्रेत त्याची पॉल मॅकार्टनीशी भेट झाली. पॉलची आई आदल्याच वर्षी निवर्तली होती. १५ जुलै १९५८ रोजी मिमीला भेटून परतताना मेन्लव्ह ॲव्हेन्यूवरच मोटारीच्या धडकेने ज्युलियाचा मृत्यू झाला. लेनन तेव्हा सतरा वर्षांचा होता. आई त्याला दोनदा अंतरली, आणि दुसऱ्या खेपेस ती मावशीच्या दारासमोरच्या रस्त्यावर.

बीटल्सच्या कीर्तीच्या भरात, १९६५ साली, बालपणावर गीत लिहिण्याचा त्याने यत्न केला. पहिल्या खर्ड्यात घरापासून शहरापर्यंतच्या बसमार्गावरील स्थळांची नावे ओळीने आली. ती नुसती यादी झाली. त्याने नावे गाळली, आणि ‘इन माय लाइफ’मध्ये उरली ती गेलेल्यांची आठवण. १९६६च्या शरद ऋतूत स्पेनमधील आल्मेरिया येथे चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी गेला असता त्याने ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ रचले. येथे स्थळाचे नाव परतले, परंतु बागेचे वर्णन जवळजवळ नाही. आहे ते आपण इतरांसारखे नाही, या जाणिवेने एकाकी झालेल्या मुलाचे मन. फेब्रुवारी १९६७मध्ये ते मॅकार्टनीच्या ‘पेनी लेन’सह एकाच तबकडीवर प्रसिद्ध झाले. एकाच परिसराची ही दोन रूपे : एकात रस्त्यावरची उजळ वर्दळ, दुसऱ्यात भिंतीआडचा एकांत.

१९६८ साली हृषीकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात असताना लेननने आईच्या नावाचे गीत रचले. लिव्हरपूलपासून जितके दूर जावे तितके ते घर जवळ येई, असेच म्हणावे लागते.

८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये, राहत्या इमारतीच्या दारात त्याची हत्या झाली. १९८१ साली समोरच्या सेंट्रल पार्कमधील एका भागाला ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ हे नाव देण्यात आले. लहानपणी त्या नावाच्या बागेत जाण्यासाठी त्याला भिंत चढावी लागे. या बागेला भिंत नाही.