बीथोव्हेन आणि चौघे वादक

बीथोव्हेन म्हटलं की बहुतेकांना नववी सिंफनी आठवते. मोठा ऑर्केस्ट्रा, कोरस, टाळ्यांचा कडकडाट. मला मात्र त्यानंतरचं त्याचं एक वर्ष अधिक जवळचं वाटतं: मार्च १८२५ ते मार्च १८२६. या वर्षात त्याच्या तीन नव्या रचना व्हिएन्नातल्या रसिकांसमोर आल्या. तिन्ही फक्त चार वाद्यांसाठी होत्या: दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो.

त्याचा जन्म १७७० मध्ये बॉन शहरातला. १७९२ मध्ये तो व्हिएन्नाला आला आणि पियानोवादक म्हणून नावाजला गेला. तिशी गाठण्याआधीच कान दगा देऊ लागले. १८०२ मध्ये हायलिगेनश्टाट गावात त्याने भावांना उद्देशून एक पत्र लिहिलं. जीव द्यावासा वाटत होता, पण मनातलं संगीत लिहून व्हायचं होतं, म्हणून तो थांबला. ते पत्र त्याने कधी पाठवलंच नाही. पुढे तर लोक आपलं बोलणं त्याला वहीत लिहून दाखवायचे.

अशा माणसाकडे रशियाच्या प्रिन्स गॅलित्सिनने १८२२ मध्ये नवे क्वार्टेट मागितले. पहिला ६ मार्च १८२५ रोजी वाजला. बीथोव्हेनचा जुना मित्र शुप्पानझिग आणि त्याचे तीन साथीदार वाजवत होते. तालमीला दोन आठवडेही मिळाले नव्हते. कार्यक्रम पडला. मग बीथोव्हेनने तीच रचना योझेफ ब्योम या व्हायोलिनवादकाकडे सोपवली. तालमीत तो स्वतः येऊन बसायचा. ऐकू तर काहीच येत नसे. पण गज कसे फिरताहेत ते पाहून लय कुठे हलली हे त्याला बरोब्बर कळायचं! काही आठवड्यांतच त्याच रचनेला लोकांनी दाद दिली. स्वर तेच होते, फक्त मेहनत वाढली होती.

त्याच वसंतात तो फार आजारी पडला. बरा झाल्यावर पुढच्या क्वार्टेटमध्ये त्याने देवाचे आभार मानणारा एक संथ भाग घातला. नोव्हेंबरात तो शुप्पानझिगच्याच चौघांनी वाजवला. म्हणजे मैत्रीही टिकली.

तिसरा वाजला २१ मार्च १८२६ ला. मधले दोन भाग लोकांनी पुन्हा वाजवायला लावले, पण शेवटचा लांबलचक फ्यूग कोणाला उमगला नाही. प्रकाशकाने दुसरा शेवट मागितला. एरवी हट्टी म्हणून प्रसिद्ध असलेल्या बीथोव्हेनने तो लिहून दिला आणि फ्यूग वेगळा छापायला संमती दिली. २६ मार्च १८२७ ला तो गेला.

आपल्या मंडळात एखादी नवी कविता वाचली की आपण लगेच म्हणतो, काही कळलं नाही बुवा. पहिल्या ऐकण्यात कळलं नाही म्हणून त्या फ्यूगचं काही बिघडलं नाही. आज अनेक वादक तो पुन्हा त्याच्या मूळ जागी, शेवटी वाजवतात. मी तो चार वेळा ऐकलाय. अजून पुरता कळलेला नाही, पण आता सोडवतही नाही.