बालगंधर्वांना म्हातारं होण्याची परवानगीच नव्हती

काही दिवसांपूर्वी अंधेरीत एका छोट्या हॉलमध्ये नाट्यसंगीताचा कार्यक्रम होता. गाणारी मुलगी माझ्याच वयाची, पंचविशीतली. एका पदात तिने स्वतःच्या डोक्याने एक जागा घेतली आणि माझ्या पुढच्या रांगेतले आजोबा सगळ्यांना ऐकू जाईल असं चुकचुकले. मध्यंतरात बटाटेवडा खाता खाता त्यांनी चार जणांना पटवून दिलं की नारायणराव ती जागा अशी घेत नसत. आजोबा सत्तरीचे असतील. म्हणजे नारायणरावांचा बहरातला आवाज त्यांनी ऐकला असेल तो रेकॉर्डवरच.

आपण कोरियन बँडच्या फॅन्सना हसतो. पण आवडत्या कलाकारासाठी भांडणारे, त्याच्या खासगी आयुष्यात नाक खुपसणारे आणि त्याला बदलूच न देणारे चाहते ही गोष्ट मराठी माणसाला नवीन नाही. आपल्याकडे हे शंभर वर्षांपूर्वीच झालं होतं. ज्यांच्यावरून झालं, त्यांचं नाव नारायण श्रीपाद राजहंस. म्हणजेच बालगंधर्व.

26 जून 1888 चा त्यांचा जन्म. लहानपणी पुण्यात त्यांचं गाणं लोकमान्य टिळकांनी ऐकलं आणि बालगंधर्व हे नाव दिलं, असं सांगितलं जातं. 1905 मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, त्यात कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा मोठा वाटा होता. मिरजेला ‘शाकुंतल’मध्ये शकुंतला म्हणून ते उभे राहिले आणि पुढचं सगळं आयुष्य त्या एका क्षणाने ठरवून टाकलं.

बायकांनी नाटकात काम करणं तेव्हा कुलीन समजलं जात नव्हतं, त्यामुळे स्त्रीभूमिका पुरुषच करायचे. त्यात नवल नव्हतं. नवल हे होतं की नारायणरावांना बघून बायका स्वतःला बदलायला लागल्या. ते नेसतात तशी साडी, ते घालतात तसे दागिने, ते माळतात तसा गजरा. पुरुषांमध्ये गंधर्व टोपी आली.

आता 12 मार्च 1911 चा किस्सा. बालगंधर्वांचे चाहते हा किस्सा डोळ्यांत पाणी आणून सांगतात, मला मात्र तो ऐकताना दरवेळी थोडं अस्वस्थ व्हायला होतं. मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं नाटक, गोविंदराव टेंबे यांचं संगीत, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलता आला असता, पण त्यांनी तो केला. रसिक मायबापांना रिकामं परत पाठवायचं नाही म्हणून. थोर कलानिष्ठा म्हणून हे शंभर वर्षं सांगितलं जातंय. घरी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या, त्यांच्यासाठी ती रात्र कशी होती हे या किश्शात कुणी सांगत नाही.

1913 मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. 1916 मध्ये ‘स्वयंवर’ची रुक्मिणी, 1919 मध्ये ‘एकच प्याला’ची सिंधू. रुक्मिणीच्या गाण्यांना चाली होत्या भास्करबुवा बखल्यांच्या. त्या काळातलं थिएटर म्हणजे काय प्रकार होता? रात्री पडदा वर जायचा. पद आलं की वन्समोअर. दुसऱ्यांदा म्हटलं की पुन्हा वन्समोअर. नवऱ्याच्या दारूपायी उद्ध्वस्त झालेली सिंधू रडता रडता थांबायची, तेच पद पुन्हा गायची आणि पुन्हा रडायला लागायची. कथानकाचं काय व्हायचं ते होवो. नाटक संपेपर्यंत पहाट व्हायची.

जाणकारांनी तेव्हाही तक्रार केली होती की यात नाटक मरतं आणि मैफल उरते. पण पैसे मोजणाऱ्याला हवं होतं तेच, आणि देणाऱ्यालाही नाही म्हणता येत नव्हतं. मायबापांना उत्तम तेच द्यायचं म्हणून खरे शालू, खरी जर, थिएटरभर अत्तराचा वास. तबल्याला खुद्द अहमदजान थिरकवा. 1920 च्या ‘द्रौपदी’वर त्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला. कंपनीच्या डोक्यावर लाखाच्या वर कर्ज झालं आणि ते फेडण्यात पुढची कित्येक वर्षं गेली.

चाहते म्हटले की गट आलेच. दुसऱ्या बाजूला होते ललितकलादर्शचे केशवराव भोसले. चढा, पल्लेदार, धारदार आवाज. पुढे दीनानाथ मंगेशकरांची बळवंत मंडळी आली, तिचे चाहते वेगळे. गंधर्वांचा भक्त दीनानाथांच्या आक्रमक गाण्याला नाकं मुरडायचा, दीनानाथांच्या भक्ताला गंधर्वांचं गाणं फार गोड वाटायचं. आज दोन सुपरस्टार्सचे फॅन्स ज्या त्वेषाने भांडतात, तोच त्वेष.

8 जुलै 1921 ला मात्र कमाल झाली. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन कंपन्यांनी मिळून ‘मानापमान’ करायचं ठरवलं. हाच तो संयुक्त मानापमान. ग्रँट रोडचं बालीवाला थिएटर. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. पुढच्या खुर्चीचं तिकीट होतं 100 रुपये. 1921 चे 100 रुपये! एका प्रयोगात 16 हजारांच्या वर रक्कम जमली.

स्टेजवरच्या दोघांना एकत्र गायचं होतं, समोर बसलेल्यांना मात्र कोण कुणाला खातो ते बघायचं होतं. दोन्ही बाजूचे लोक कुस्तीच्या फडाला यावेत तसे आले होते. प्रयोग रंगला, दोघांनी एकमेकांचा मान राखला. निकाल मात्र प्रेक्षक आपापला घेऊन घरी गेले आणि कोण सरस ठरलं यावर पुढे वर्षानुवर्षं भांडत राहिले. केशवरावांना त्या भांडणाशी देणंघेणं उरलं नाही. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला विषमज्वराने ते गेले, वयाच्या 31 व्या वर्षी.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. केशवरावसुद्धा पोरवयात ‘शारदा’तली शारदा करून गाजले होते. पण ते स्त्रीवेशातून बाहेर पडले, धैर्यधर झाले आणि लोकांनी ते मान्य केलं. बालगंधर्वांना ही सवलत कधीच मिळाली नाही.

बोलपट आले, नाटकांची गर्दी ओसरली आणि 1934 च्या अखेरीला गंधर्व नाटक मंडळी थांबली. बालगंधर्व ‘प्रभात’मध्ये गेले. व्ही. शांताराम दिग्दर्शक, चित्रपट ‘धर्मात्मा’, भूमिका संत एकनाथांची. 1935 साल, वय 47. पुरुषाने पुरुषाचं काम करणं यापेक्षा साधं काय असेल? पण प्रेक्षक आपली भामिनी शोधत आले होते. पडद्यावर त्यांना एकनाथ दिसले आणि ते हिरमुसले. अर्थात दोष सगळा प्रेक्षकांचा नव्हता. कॅमेऱ्यासमोर तुकड्या-तुकड्यांत काम करणं बालगंधर्वांनाही मानवलं नाही. ‘प्रभात’शी संबंध त्या एकाच चित्रपटावर संपला. 1937 मध्ये ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा साडी नेसून उभे राहिले. तोपर्यंत पडद्यावर खऱ्या नायिका रुळल्या होत्या. तेही चाललं नाही.

आणि मग आल्या गोहरबाई.

ही कलकत्त्याची गौहर जान नव्हे, लोक फार गल्लत करतात. या गोहरबाई कर्नाटकी, विजापूरकडच्या. गायिका अमीरबाई कर्नाटकी यांच्या बहीण. बालगंधर्वांच्या रेकॉर्ड ऐकून ऐकून त्यांनी ते गाणं गळ्यावर असं चढवलं होतं की ऐकणारा चकित व्हायचा. थोडक्यात, त्या स्वतः बालगंधर्वांच्या चाहत्या होत्या. बहुधा सगळ्यात मोठ्या. 1938 मध्ये त्या बालगंधर्वांच्या कंपनीत आल्या, नायिका करू लागल्या आणि दोघं एकत्र राहू लागले.

महाराष्ट्र खवळला. आपल्या देवाच्या घरात कुणीतरी शिरलं म्हणून. त्यातून ती बाई मुसलमान, गाणाऱ्या बायकांच्या घराण्यातली. तिने नारायणरावांना जाळ्यात ओढलं, माणसांपासून तोडलं, धुळीला मिळवलं, असं लोक उघड बोलत. कंपनीच्या ओढगस्तीचं खापर तिच्यावर फोडलं गेलं. कर्ज तर त्या येण्याच्या कितीतरी आधीपासून होतं, पण चाहत्यांचं गणित असं तारखा बघून चालत नाही.

स्टेजवरही तेच. आता गोहरबाई नायिका आणि बालगंधर्व पुरुष भूमिकेत, अशी वाटणी करायचा प्रयत्न झाला. वयाच्या हिशोबाने तेच शहाणपणाचं होतं. पण लोकांना नारायणराव शालूतच हवे होते. मग पन्नाशी उलटलेला, शरीर सुटलेला हा माणूस पुन्हा सिंधू म्हणून उभा राहायचा. बघायला येणारे डोळे मिटून ऐकायचे आणि बाहेर पडल्यावर आता पूर्वीचं राहिलं नाही म्हणून हळहळायचे. बदल केला तरी नाराज, नाही केला तरी नाराज!

लक्ष्मीबाई गेल्यानंतर 1951 मध्ये बालगंधर्वांनी गोहरबाईंशी लग्न केलं. पुढे त्यांचे पाय निकामी झाले. एकेकाळी ज्यांचं चालणं बघायला लोक तिकीट काढत, त्यांना उचलून न्यावं लागे. बसल्या जागी ते भजनं गात. मुंबईत माहीमच्या घरात त्यांचं सगळं करणारी व्यक्ती एकच होती, जिने त्यांना बुडवलं असं म्हटलं जात होतं ती. 1955 चा संगीत नाटक अकादमीचा सन्मान, 1964 चं पद्मभूषण हे सगळं या अपंगपणात आलं. 1964 मध्येच गोहरबाई गेल्या. वन्समोअरवाल्या मायबापांपैकी त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारे तेव्हा मोजकेच होते, त्यांची बाजू मांडणारं लिखाण बऱ्याच उशिरा आलं.

15 जुलै 1967 ला पुण्यात बालगंधर्वांचं निधन झालं. ज्या रंगमंदिराच्या पायाभरणीला ते स्वतः हजर होते, ते बालगंधर्व रंगमंदिर त्यांच्या पुढच्या जयंतीला, 26 जून 1968 ला सुरू झालं. तिथे चित्रकार गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन मोठी चित्रं आहेत. एकात ते स्त्रीवेशात आहेत. दुसऱ्यात नारायण श्रीपाद राजहंस आहेत.